कुंपणावरचा मंगल कलश

एक मेला आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहाटे कुरडयांचा चीक शिजवायचा आणि झेंडावंदन आटोपलं की कुंपणापाशी भांडण. चिकाचा दिवस एखाद्या वर्षी चुकतो. गव्हाला आंब कमी आली तर पुढे ढकलावा लागतो. भांडण चुकलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं नाही.

कुंपण म्हणजे कंबरेएवढी दगडी भिंत. अलीकडे आमचे मामंजी, वय ८७, जन्म आणि कर्म दोन्ही कराडचं. पलीकडे आबा, ऐंशीला टेकलेले. आबा लालबागच्या चाळीत वाढले, गिरणीत लागले आणि १९८२ च्या संपात नोकरी गेल्यावर गावाकडं परतले ते आमच्या शेजारी. मामंजी बैलजोडीच्या काळापासूनचे काँग्रेसवाले, त्यातही यशवंतराव चव्हाणांचे. आबांच्या घरात तीन पिढ्या लाल बावटा. भांडण कशावरून ते कराडात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: महाराष्ट्र कुणी आणला?

यंदा ठिणगी शाळेतच पडली. झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांनी चांगलं अर्धा तास भाषण केलं आणि त्या अर्ध्या तासात एकच माणूस होता. यशवंतरावांनी दिल्लीहून मंगल कलश आणला, महाराष्ट्र झाला, लाडू घ्या. आबा तिथून निघाले ते घरात न जाता थेट भिंतीशी.

"काय ओ नाना, दिल्लीच्या बाजारात कलश इकत मिळत व्हते का?"

मामंजी पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मिळत असते तर तुमच्या कॉम्रेड डांग्यांनी आधीच आणला असता."

काकी, म्हणजे आबांच्या घरच्या, माझ्या मदतीला अलीकडे आल्या होत्या. त्यांनी सोऱ्यात चीक भरला आणि माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली. सुरू झालं.

आबांचं सगळं पाठ आहे, पण दरवर्षी ते नव्यानं तापतात. २० नोव्हेंबर १९५५ ची चौपाटीवरची काँग्रेसची सभा. मोरारजी देसाई मुख्यमंत्री. स. का. पाटलांनी भर सभेत सांगितलं की पाच हजार वर्षं गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही. "पाच हजार!" आबा पाचही बोटं नाचवतात. "अवो, आमचा बा म्हणला, ह्यो माणूस पंचांग घिऊन आलाय का?" लोकांनी चपला-दगड मारून ती सभा उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, कामगारांचा संप आणि विधानसभेवर मोर्चा. फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १५ माणसं गेली. आबा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील मोर्चाला गेलेले, रात्र पडली तरी पत्ता नाही. चाळीतल्या सगळ्या बायका जिन्यात बसून होत्या, असं ते सांगतात. वडील आले ते अनवाणी. चपला कुठं गेल्या ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मग १६ जानेवारी १९५६. पंडित नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं, मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार. खालच्या इराण्याच्या हॉटेलात रेडिओ होता, तिथं अख्खी चाळ लोटली होती. पुढचा आठवडा गिरणगावात कर्फ्यू, अश्रुधूर, गोळ्या. "आई कांदा फोडून नाकाशी धरायची आमच्या. आजपण कांदा चिरताना मला जानेवारी आठवतो." हे ते कोशिंबिरीसाठी कांदा मागायला आले तरी सांगतात. पण खरं असणार. अशा गोष्टी माणूस रचत नाही.

"आता सांगा नाना. त्या वेळी तुमचे साहेब कुठं व्हते? फलटणला!"

फलटण हा शब्द आला की मामंजी पेपर खाली ठेवतात. तिथं यशवंतराव म्हणाले होते की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंना मोठं मानू. त्या एका वाक्यावरून आचार्य अत्र्यांनी त्यांना सूर्याजी पिसाळ, म्हणजे फितूर, करून टाकलं. अत्र्यांचा पेपर 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ ला सुरू झाला, आणि मग रोज सकाळी साहेबांची पूजा. मामंजींना ते पिसाळ अजून टोचतं. सत्तर वर्षांत एखादी जखम भरते. यांची भरली नाही.

"चुकलं म्हणा हवं तर," मामंजी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच ऐकलं. "पण मला एक सांगा आबा. नेहरूंना शिव्या देणारे शंभर होते. नेहरूंशी बोलू शकणारी मराठी माणसं किती होती? चिंतामणरावांनी राजीनामा फेकला, देशानं टाळ्या वाजवल्या. बरोबरच होतं ते. पण राजीनामा दिलेला माणूस बैठकीत नसतो."

हे खोडून काढायला सोपं नाही. चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री, मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी होत नाही म्हणून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. माझ्या मते त्या सगळ्या वर्षांतली सगळ्यात स्वच्छ कृती तीच. पण महाराष्ट्र झाला तेव्हा ते त्या खोलीत नव्हते, हेही खरं.

मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. 'महाराष्ट्राच्या निर्मितीचे शिल्पकार ______ होत', एका गुणाची रिकामी जागा. रिकाम्या जागेत एकच नाव मावतं. एकदा एका मुलीनं त्या जागेत 'खूप जण' असं लिहिलं होतं. मी तिला अर्धा गुण दिला. उरलेला अर्धा का नाही दिला, याचं मला अजून उत्तर देता येत नाही.

"१९५७ आठवतंय का?" आबांनी हुकमाचं पान टाकलं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ सगळं एका पोत्यात कोंबून द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री. काही महिन्यांनी निवडणूक. संयुक्त महाराष्ट्र समितीनं मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र झोडपून काढला. एसेम जोशी पुण्यातून आले, अत्रे दादरमधून, डांगे लोकसभेवर. "आन् तुमचे साहेब, मुख्यमंत्री, सोताच्या कऱ्हाडात कसंबसं वाचले!"

मामंजी त्या वेळी १९ वर्षांचे. मताला तेव्हा २१ पुरी लागायची. त्यामुळे मत नाही, पण काकांच्या बैलगाडीतून ते गावोगाव मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत फिरले होते. "प्रत्येक गावात पाणी द्यायचे," ते म्हणाले, "पण चहा नाही. तिथंच मला कळलं." मोजणीच्या रात्री काकांनी देवाला कोंबडं कबूल केलं होतं, तेही शाकाहारी घरात. यशवंतराव अगदी थोडक्या मतांनी निघाले. कोंबड्याचं पुढं काय झालं, हे आमच्या घरात आजही सांगत नाहीत.

इथं दरवर्षी भांडण संपतं. चहा येतो. या वर्षी मात्र मामंजी पुढे बोलले.

३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण, हस्ते पंडित नेहरू. समितीनं ठरवलं की वाटेवर काळी निशाणं दाखवायची. मामंजी काँग्रेसचे स्वयंसेवक म्हणून एका ट्रकमध्ये होते, वाईकडून पसरणीच्या घाटात. "घाट वळणावळणानं वर जातो ना, तर प्रत्येक वळणावर माणसं. कडेला, कठड्यावर, वरच्या वळणावर. हातभर कापड, छत्रीचं कापड, बायकांच्या लुगड्याचे काळे तुकडे. घाटच काळा दिसत होता. आणि एक दगड नाही आला, आबा. एक दगड नाही."

"एसेमनी सांगितलं व्हतं," आबा म्हणाले. "दगड मारणाऱ्यानं आमच्यात यिऊ नये म्हणून."

"आणि साहेबांनी पोलिसांना सांगितलं होतं, कुणाला हात लावायचा नाही. मोरारजी असते तर तो घाट लाल झाला असता."

दोघं थोडा वेळ गप्प होते. मी आजवर एवढी पुस्तकं वाचली, पण हे मला त्या भिंतीवर हात टेकवून कळलं. नेहरूंनी त्या दिवशी घाटात जे पाहिलं ते कुठल्या निवेदनात लिहून त्यांच्यापुढे ठेवता आलं नसतं. आणि ते पाहायला मिळालं ते दोन माणसांमुळे: एकानं माणसं आणली, दुसऱ्यानं ती मारली नाहीत. दिल्लीत जाऊन 'हे राज्य चालणार नाही' असं सांगायची हिंमत यशवंतरावांना आली ती कराडच्या त्या निसटत्या मतांतून आणि पसरणीच्या काळ्या कापडांतून, असं माझं ठाम मत आहे. त्यांना पाडता पाडता समितीनं त्यांच्याच हाती दिल्लीत बोलायचं बळ दिलं.

पण हे मी तेव्हा बोलले नाही. मी बोलले ते वेगळंच, आणि त्यानं दोघं एक झाले.

"आबा, मामंजी, तुम्ही दोघंही गुजराथ्यांना विसरता."

"गुजराथी?" दोघांचा एकच सूर. महाराष्ट्राच्या इतिहासात एवढं एकमत क्वचित झालं असेल.

"मग? द्विभाषिक आपल्याला नको होतं तसं त्यांनाही नको होतं. ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादला काँग्रेस हाऊससमोर पोरं जमली, गोळीबार झाला, विद्यार्थी गेले. इंदुलाल याज्ञिकांनी महागुजरात जनता परिषद काढली, १९५७ ला ते अहमदाबादहून लोकसभेवर गेले. अहमदाबाद गप्प राहिलं असतं तर दिल्लीनं म्हटलं असतं, कुरकुर फक्त मराठ्यांची आहे. ती पोरं उठली म्हणून लग्न दोन्हीकडून मोडलं."

"म्हणजी आता महाराष्ट्र गुजराथ्यांनी आणला?" आबा.

"सूनबाई, चीक करपतोय का बघ," मामंजी.

चीक उतरवून तास झाला होता. मी तरीही उठून बघून आले, सुनेचा धर्म म्हणून.

परत आले तोवर हिशेबाची वही उघडली होती. मामंजी इंदिरा गांधींवर पोचले होते. १९५९ मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, द्विभाषिक मोडलेलं बरं हे त्यांना पटलं आणि त्यांनी वडिलांना पटवलं. ते पटवून देण्यामागं यशवंतराव. आबा म्हणाले, पटवलं कसलं, डांग दिलं, उंबरगाव दिलं, वर रोकड पैसे दिले. हुंडा देऊन आपलीच पोर घरी आणली. हे हुंड्याचं मला आवडलं. आबा कधीकधी एखादं असं बोलतात की अत्र्यांनी पहिल्या पानावर छापलं असतं.

अत्र्यांवरून आठवलं, नावाचं भांडण. दिल्लीच्या कागदात नव्या राज्याचं नाव 'मुंबई' येत होतं. 'महाराष्ट्र' हेच नाव पाहिजे म्हणून अत्र्यांनी जे रान उठवलं त्याला तोड नाही. मामंजीही हे मान्य करतात, फक्त "ते ओरडले, साहेबांनी लिहून घेतलं" अशी शेपूट जोडून. मग आबांनी शाहीर आणले. अमर शेख, गव्हाणकर, अण्णा भाऊ. पेपर वाचता न येणाऱ्या बायाबापड्यांना राज्यांच्या पुनर्रचनेचा फाजल अली आयोग म्हणजे काय ते डफावर कळलं. मी त्यात बाबासाहेबांचं नाव घातलं. १९४८ मध्येच त्यांनी भाषावार प्रांतांच्या आयोगाला निवेदन लिहून दिलं होतं, मुंबई महाराष्ट्राचीच का, मुद्द्यावर मुद्दा मांडून. त्यांची शेकाफे, म्हणजे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, पुढे समितीत होतीच. मग १९४६ चं बेळगावचं साहित्य संमेलन, माडखोलकर अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव. विदर्भाचं कुणी त्या वेळी कुंपणाशी नव्हतं ते बरं. नाहीतर आम्हाला विचारलं कुणी, इथून सुरुवात झाली असती आणि कुरडया वाळून उडून गेल्या असत्या.

"एवढं सगळं समितीनं केलं," मामंजींनी शेवटचा बाण काढला, "मग १९६२ ला काय झालं? २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला. लोकांनीच ठरवलं ना श्रेय कुणाचं?"

आबा जरा गप्प झाले. हे त्यांचं दुखरं बोट. राज्य मिळालं आणि समिती फुटली. समाजवाद्यांचं कम्युनिस्टांशी पटेना, एकेक जण आपापली चूल घेऊन निघाला. "लढाई जिंकली की फौजेला घरी पाठवायची असती," आबा अखेर म्हणाले. "आमची फौज घरी जाताना वाटंतच एकमेकाला भिडली. त्याला साहेब काय करणार? आन् आम्ही तरी काय करणार?"

मग काकी बोलल्या. चाळीसेक वर्षं त्या हे ऐकतात. त्यांचं बालपण परळचं. हातातला सोऱ्या खाली न ठेवता म्हणाल्या, "माझी आई लाटणं घेऊन मोर्चाला गेली होती. घरी आल्यावर त्याच लाटण्यानं भाकरी लाटली, कारण परात पोलिसांच्या गोंधळात कुणीतरी नेली होती. तुमच्या यादीत तिचं नाव आहे का?"

"यादी फक्त हुतात्म्यांची असते," आबा म्हणाले.

"मग ती मेली नाही हीच तिची चूक म्हणायची." काकींनी गोल कुरडई पाडली, शेपूट तोडली, पुढची.

आबांच्या खिशात ती यादी असते. कुठल्याशा स्मरणिकेतून कापलेली, प्लॅस्टिकमध्ये घातलेली. आपण १०५ म्हणतो. पुढे छापलेल्या याद्यांत १०६ झाले, १०७ झाले. किती मेले यावरही आपलं एकमत नाही, आणि श्रेय कुणाचं यावर मात्र सगळ्यांचं मत तयार. यंदा मी ती यादी मागून घेतली आणि चष्मा लावून सावकाश वाचली. पवार, सावंत, घाडीगावकर तर आहेतच. पण एक पारशी नाव आहे, एक ख्रिस्ती वाटणारं, एक पांडे, एक कामाठी. महाराष्ट्र मराठी माणसानं आणला म्हणताना यांना कुठं बसवायचं, हे कुठलाच पाहुणा सांगत नाही.

आणि शेवटाकडे माझ्या माहेरचं गाव.

कमळाबाई मोहिते, निपाणी.

"आबा, ही यादीतली बाई कुठली?"

"निपाणीची."

"निपाणी कुठं आहे?"

आबांनी मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी पेपरकडे. कराडपासून हमरस्त्यानं कोल्हापूर, पुढं कागल, मग कोगनोळीचा टोलनाका, आणि तिथं पाट्या कानडी होतात. सेनापती बापटांनी म्हातारपणी उपोषण केलं तेव्हा १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्या आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्या असं लिहिलं होतं. पण बेळगाव देत नव्हता, म्हणून महाराष्ट्रानं तो अहवालच नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. लहानपणी १७ जानेवारीला आम्ही मुलं हुतात्म्यांच्या फोटोला हार घालायला जायचो आणि १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावायचो. हे मी मामंजींना इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. विचारलं कुणी नव्हतं म्हणून नव्हे. सून म्हणून आले तेव्हा भिंतीपाशी जागा दोघांचीच होती.

"साहेबांना निपाणीचं मनापासून..." मामंजींनी सुरुवात केली.

"समितीनं शेवटपर्यंत..." आबांनी त्याच वेळी सुरुवात केली.

मग दोघांनी एकमेकांना 'तुम्ही बोला' अशी खूण केली आणि कुणीच बोललं नाही. काकींनी रिकामा टोप माझ्याकडे सरकवला. ऊन चढलं होतं, कावळे आले होते. मी हुसकवायला जुनी छत्री उघडून ठेवली. काळी.

दुपारी निपाणीहून भावाचा फोन आला. तिकडेही आज कुरडयाच घातल्या होत्या. त्याला सुट्टी होती. कामगार दिनाची.